एअरबॅग उघडते तेव्हा नेमकं काय होतं? आणि बेल्ट लावला नसेल तर?

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. प्रवासात ज्यांना ऐकायला जमत नाही किंवा ज्यांना आकडे डोळ्यांसमोर हवे असतात त्यांच्यासाठी. बोलताना जसं बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे बघा ना' थोडे कमी केलेत.

आजचा विषय एअरबॅग. पूर्वी कुणी गाडी घेतली की पहिला प्रश्न असायचा, "ॲव्हरेज किती देते?" आता माझ्या मित्रमंडळींत पहिला प्रश्न असतो, "किती एअरबॅग आहेत?" ही चांगलीच गोष्ट आहे. पण तोच मित्र गाडीत बसल्यावर बेल्टचा बीपबीप बंद व्हावा म्हणून बेल्ट पाठीमागून घेऊन अडकवतो. सहा एअरबॅगसाठी पैसे मोजायचे आणि त्या ज्या एका गोष्टीच्या भरवशावर बनवल्यात, तीच काढून टाकायची. असं का म्हणतोय ते पुढच्या काही मिनिटांत कळेल.

मुळात मार कशाचा बसतो?

गाडी ५० किलोमीटरच्या वेगाने जातेय. शहरात हा वेग काहीच वाटत नाही. पण ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून कुणी खाली पडलं, तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग एवढाच असतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठडा नसेल तर आपण कडेला जाऊ का? गाडीत मात्र आपण बिनधास्त बसतो.

गाडी भिंतीला धडकली की गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही. तुमचं शरीर त्याच वेगाने पुढे जात राहतं. अकरावीच्या फिजिक्समधलं जडत्व ते हेच. आता तुम्हाला कुणीतरी थांबवणार आहे. प्रश्न एवढाच की किती अंतरात?

समजा डोकं डॅशबोर्डवर आपटलं आणि ५ सेंटिमीटरमध्ये थांबलं. हिशोब केला तर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ २०० पट झटका बसतो. तेच शरीर ५० सेंटिमीटरमध्ये, म्हणजे दहापट अंतरात थांबलं, तर झटका २० पटीवर येतो. दहापट अंतर, दहावा हिस्सा मार. २०० पटीत माणूस जगणं अवघड, २० पटीत तो बहुतेक वेळा वाचतो.

गाडीच्या सुरक्षेचं अख्खं शास्त्र या एका हिशोबाभोवती फिरतं. बॉनेट चुरगळतं ते मुद्दाम, कारण त्यात अंतर मिळतं. बेल्ट किंचित ताणला जातो, त्यात अंतर मिळतं. एअरबॅग शेवटचं थोडं अंतर देते आणि तो मार चेहऱ्याच्या एका बिंदूवर पडू न देता पसरवते. क्रिकेटमध्ये कॅच घेताना हात मागे नेतो ना, तसंच.

५० मिलिसेकंदांचा हिशोब

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्याकडे सर्व्हरने २०० मिलिसेकंदांत उत्तर दिलं की आम्ही एकमेकांना शाबासकी देतो. आता एअरबॅगचं बघा.

शून्य मिलिसेकंद: बंपर धडकला.

साधारण १५ ते २० मिलिसेकंद: कंट्रोल युनिटने ठरवलं की ही खरी धडक आहे आणि एअरबॅग उघडायची.

पुढचे साधारण ३० मिलिसेकंद: ठिणगी, गॅस, स्टीअरिंगचं कव्हर ठरलेल्या रेषेवर फाटतं आणि पिशवी बाहेर येऊन फुगते. ड्रायव्हरची पिशवी साधारण ५०-६० लिटरची असते, शेजारच्या सीटची त्याहून बरीच मोठी.

५० च्या आसपास पिशवी तयार. त्यानंतर तुमचा चेहरा आणि छाती तिला टेकते. पिशवीच्या मागच्या बाजूला छिद्रं असतात, त्यातून गॅस बाहेर पडत राहतो. म्हणून तुम्ही फुग्यावरून उसळी मारून मागे येत नाही, हळूहळू दबत जाता. हे 'हळूहळू' पण सेकंदाच्या दहाव्या भागात संपतं.

पापणी लवायला १०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे डोळे मिटेपर्यंत एअरबॅग उघडून, काम करून, रिकामी व्हायलाही लागलेली असते. अपघातातून वाचलेले लोक म्हणतात, "मला उघडताना दिसलीच नाही." दिसणं शक्यच नव्हतं.

निर्णय कोण घेतं?

हा माझा आवडता भाग. तुमचा फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते, ती ॲक्सेलरोमीटरमुळे. सिलिकॉनच्या चिपवर कोरलेली बारीकशी हलणारी रचना असते. झटका बसला की ती सरकते आणि ते सरकणं विजेच्या सिग्नलमधून मोजता येतं. एअरबॅगमध्येही याच जातीचा सेन्सर असतो, फक्त खूप मोठे झटके मोजणारा. गंमत म्हणजे हा प्रकार आधी गाडीत आला आणि मग फोनमध्ये. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीने अशी चिप बाजारात आणली ती एअरबॅगसाठीच. तुम्ही रील बघताना फोन फिरवता, त्यामागे गाड्यांच्या अपघातांचा अभ्यास आहे.

कंट्रोल युनिट म्हणजे एक छोटा डबा, बहुतेक गाड्यांत गिअरजवळ मधल्या भागात खाली बसवलेला. त्याला सतत एकच प्रश्न सोडवायचा असतो: हा खड्डा आहे की धडक?

आपल्या रस्त्यांवर हा प्रश्न किती अवघड आहे ते सांगायला नको. खड्डा, स्पीडब्रेकर, पार्किंगमध्ये खांबाला घासणं, दार जोरात आपटणं, या सगळ्यात झटका असतो. पण खड्ड्याचा झटका टोकदार आणि क्षणिक असतो. धडकेत गाडीचा वेग कमी कमी होत राहतो. सॉफ्टवेअर फक्त झटक्याची उंची बघत नाही, तो किती वेळ टिकला आणि त्यात एकूण वेग किती घटला हेही बघतं. शिवाय एका सेन्सरच्या शब्दावर ठिणगी पडत नाही. दुसरा, स्वतंत्र सेन्सरही 'हो' म्हणाला तरच. चुकून उघडली तर चालत्या गाडीत ड्रायव्हरच्या तोंडावर स्फोट, आणि उघडलीच नाही तर जीव जाणार. आमच्या धंद्यात दोन्हीकडून चूक महाग असलेली सिस्टीम फारच क्वचित बघायला मिळते.

आणखी एक भारी गोष्ट. धडकेत बॅटरीच तुटली तर? म्हणून त्या डब्यात कपॅसिटर असतात. बॅटरी गेल्यावरही थोडा वेळ पुरेल एवढी वीज ते धरून ठेवतात. म्हणूनच मेकॅनिक एअरबॅगला हात लावण्याआधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबतो.

चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझतो, तो या डब्याने स्वतःची तपासणी केल्याची पावती असते. गाडी चालू असतानाही तो प्रत्येक पिशवीच्या ठिणगीच्या तारेतून अगदी बारीक करंट सोडून वायर नीट आहे ना हे बघत राहतो. दिवा लागूनच राहिला, तर अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. "नुसता दिवाच तर आहे" म्हणून तो महिनोन् महिने चालवू नका.

गॅस येतो कुठून?

एवढ्या लवकर हवा भरायला कुठला पंप पुरणार? म्हणून पिशवीमागे रासायनिक गोळ्या असतात. जुन्या एअरबॅगमध्ये सोडियम अझाइड वापरायचे. ठिणगीने ते तापलं की फुटून नायट्रोजन तयार होतो. आपण श्वासात घेतो त्या हवेतला पाऊण हिस्स्याहून जास्त भाग नायट्रोजनच असतो, त्यामुळे गॅसचा त्रास नाही. पण सोडियम अझाइड स्वतः विषारी आहे, म्हणून नंतर कंपन्या दुसऱ्या रसायनांकडे वळल्या.

उघडल्यावर गाडीत पांढरा धूर आणि फटाक्यांसारखा वास येतो. लोक घाबरतात, वाटतं गाडी पेटली. त्यातला बराचसा भाग पिशवीच्या घड्या चिकटू नयेत म्हणून लावलेली पावडर असते. त्याने खोकला, डोळ्यांची आग होऊ शकते. काचा उघडा, शक्य असेल तर बाहेर या.

रसायन चुकीचं निवडलं तर काय होतं, त्याचं उदाहरण म्हणजे जपानची टाकाटा कंपनी. त्यांनी अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णता लागून ते खराब व्हायचं, मग ठिणगी पडली की प्रमाणाबाहेर जोरात फुटायचं आणि धातूच्या डब्याचे तुकडे पिशवीतून आरपार माणसापर्यंत यायचे. जगभरात कोट्यवधी एअरबॅग परत मागवाव्या लागल्या, आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडासह काही कंपन्यांनी यासाठी गाड्या बोलावल्या होत्या. धोका दमट, उष्ण भागात जास्त होता. त्यामुळे मुंबई, कोकण, गोव्यातल्या मंडळींनी, जुनी गाडी असेल तर, कंपनीच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघा. बदलून मोफत मिळते.

आता मुद्द्याचं: बेल्ट

स्टीअरिंगवर 'एसआरएस' लिहिलेलं असतं. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ आहे 'पूरक'. कुणाला पूरक? सीट बेल्टला.

धडक ओळखल्याबरोबर तोच डबा बेल्टलाही हुकूम देतो. बेल्टच्या गुंडाळीजवळ छोटा स्फोटक असतो, तो बेल्ट काही सेंटिमीटर मागे खेचून तुम्हाला सीटला घट्ट धरतो. मग शरीराचा जोर वाढला की बेल्ट बेताने सैल होत जातो. म्हणजे पिशवी फुगून तयार होईपर्यंत तुम्हाला जागेवर ठेवायचं काम बेल्टचं.

बेल्ट नसेल तर तुम्ही आधीच पुढे गेलेले असता. ताशी २०० किलोमीटरच्या पुढच्या वेगाने बाहेर येणारी पिशवी आणि पुढे येणारं तुमचं तोंड, दोघांची गाठ अर्ध्या वाटेत पडते. गादी म्हणून बनवलेली वस्तू तेव्हा ठोसा होते.

हा धडा अमेरिकेने फार महागात शिकला. एअरबॅगची कल्पना तिथल्या जॉन हेट्रिक या इंजिनिअरची, पेटंट १९५३ चं. १९७० च्या दशकात गाड्यांत पहिल्या एअरबॅग आल्या, तेव्हा तिथे बरेच लोक बेल्ट लावतच नसत. म्हणून नियम असे झाले की बेल्ट न लावलेल्या मोठ्या माणसालाही पिशवीने थांबवलं पाहिजे. त्यासाठी ती फार जोरात फुगायची. मोठी माणसं वाचली, पण १९९० ते २००८ या काळात तिथे कमी वेगाच्या अपघातांत खुद्द एअरबॅगच्या फटक्याने २९० हून जास्त जण गेले. त्यात लहान मुलं बरीच होती, आणि बहुतेकांनी बेल्ट लावलेला नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता. १९९७ नंतर पिशव्यांचा जोर कमी केला गेला.

याचा अर्थ एअरबॅग वाईट, असा काढू नका. पुढच्या एअरबॅगमुळे २०१७ पर्यंत अमेरिकेत ५० हजारांहून जास्त जीव वाचले, असा तिथल्या सरकारी संस्थेचा अंदाज आहे. अर्थ एवढाच, की ही वस्तू ताकदीची आहे आणि तिच्यासमोर कसं बसायचं याचे नियम आहेत.

मागच्या सीटचं काय? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मर्सिडीजला अपघात झाला. मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी, दोघेही गेले. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागडी होती, एअरबॅगही होत्या. पण पुढची एअरबॅग मागच्या माणसासाठी नसते. मागे बसणाऱ्याला बाजूच्या काचेवरून पडद्यासारखी उतरणारी एअरबॅग मिळते, समोरून थांबवायला फक्त बेल्ट असतो.

मांडीवरचं बाळ

आमच्या घरात हा वाद दर सुट्टीत होतो. मामा पुढे बसणार आणि नातीला मांडीवर घेणार. "अरे मी धरलंय ना घट्ट!" मामांना मी एकच आकडा सांगितला. १० किलोचं बाळ, २० पट झटका, म्हणजे त्या क्षणी हातांना २०० किलो धरायचे आहेत. पैलवानालाही जमणार नाही. शिवाय बाळ बरोबर पिशवी आणि मामा यांच्या मध्ये.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये नवी मुंबईत वाशीला पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या फटक्याने गेला. गाडीतल्या बाकीच्यांना किरकोळ लागलं होतं. मुलांची उंची कमी, त्यामुळे मोठ्या माणसाच्या छातीसाठी योजलेला मार त्यांच्या डोक्यावर आणि मानेवर येतो.

म्हणून मुलं मागे, आणि लहान असतील तर चाइल्ड सीटमध्ये. बाळाची मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. मोठ्यांनी बेल्ट न लावल्यासही तेवढाच. आणि हो, मामा आता मागे बसतात. कुरकुर करत, पण बसतात.

तुमचे प्रश्न

*सहा एअरबॅग सक्तीच्या आहेत का?* नाही. ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची नव्या मॉडेल्सना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीच्या मॉडेल्सना त्या वर्षाच्या अखेरपासून. सहा एअरबॅगचा प्रस्ताव २०२२ मध्ये आला, पुढे ढकलला गेला आणि सक्ती झाली नाही. २०२३ पासून भारत एनकॅपच्या चाचण्या सुरू झाल्यात, गाडी घेताना ते स्टार बघा.

*धडक झाली पण एअरबॅग उघडली नाही, कंपनीने फसवलं?* दर वेळी नाही. मागून धडक बसली, गाडी हळू होती, तर पुढची एअरबॅग न उघडणंच बरोबर. थांबलेल्या ट्रकखाली गाडी घुसली तर बॉनेट ट्रकच्या खालून जातं, गाडीच्या मजबूत भागाला झटका उशिरा बसतो आणि एअरबॅगही उशिरा उघडते किंवा उघडतच नाही. महामार्गावर रात्री ट्रकच्या मागे अंतर ठेवायचं हे आणखी एक कारण.

*पुढे स्टीलचं बंपर गार्ड लावू का?* नको. बॉनेटने कसं चुरगळायचं आणि सेन्सरला झटका कसा पोचायचा, याची सगळी गणितं त्याशिवाय केलेली असतात. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने राज्यांना असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं होतं.

*सीट कव्हर?* सीटच्या कडेला 'एअरबॅग' असं लेबल असेल, तर तिथे शिवण उसवेल अशी रचना असलेलंच कव्हर घ्या. मला एका ॲक्सेसरीवाल्याने "काही होत नाही साहेब" म्हणत जाड रेक्झिन दाखवलं होतं. मी ते घेतलं नाही.

*सेकंड हँड गाडीत एअरबॅग खरी आहे की नाही कसं ओळखू?* चावी फिरवल्यावर दिवा लागून विझतोय का बघा. लागतच नसेल तर संशय घ्या. काही जण उघडलेली एअरबॅग न बदलता वायरमध्ये रेझिस्टर जोडून त्या डब्याला फसवतात. त्यामुळे दिवा बरोबर असला तरी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्या आणि अपघाताचा इतिहास मागा.

जाता जाता, आजच करण्याच्या गोष्टी

- छाती आणि स्टीअरिंगमध्ये साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर चार बोटं, अंतर ठेवा.
- हात घड्याळाच्या नऊ आणि तीनवर. एक हात स्टीअरिंगच्या मधोमध टाकून चालवायची स्टाइल सोडा. पिशवी उघडली तर तोच हात तोंडावर येईल.
- शेजारच्या सीटसमोरच्या एअरबॅगच्या झाकणावर काही चिकटवू नका. फोनचा स्टँड, अत्तराची बाटली, गणपतीची मूर्तीही नको. बाप्पाला मधल्या भागात, झाकणापासून लांब बसवा.
- डॅशबोर्डवर पाय टाकून झोपू नका. पिशवी उघडली की गुडघे थेट तोंडाकडे येतात.
- बेल्टचा आवाज बंद करणारी क्लिप गाडीत असेल तर फेकून द्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या विक्रीतून काढायला लावल्या.
- मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा. कॅबमध्ये पण. बकल सीटच्या फटीत गेलं असेल तर ड्रायव्हरदादांना सांगून काढून घ्या.

पुढच्या वेळी कुणी "सहा एअरबॅग आहेत रे" म्हणत बेल्ट न लावता बसला, तर त्याला हा भाग पाठवा. किंवा सरळ सांगा, बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलणार नाही. आपल्या गाडीत एवढा हक्क आपल्याला आहे.

पुढच्या भागात एबीएस ब्रेकबद्दल बोलू, कारण त्यावरही तुमचे बरेच प्रश्न आलेत. तोपर्यंत सांभाळून जा, आणि बेल्ट लावा!